गाद्दोनीच्या दारावरचे बाण

एर्मेते गाद्दोनीच्या नव्या घराच्या दारावर जी मरियामाता बसवली, तिच्या हातातले बाण मोडलेले नव्हते. मे महिन्यात, मातेच्या सणाच्या रविवारी, फादरांनी येऊन तिच्यावर पवित्र पाणी शिंपडलं. अर्धी गल्ली टोप्या काढून उभी होती. गाद्दोनीच्या बायकोनं सगळ्यांना बडीशेपेची बिस्किटं आणि गोड वाइन दिली. कोणाच्याही लक्षात काही आलं नाही.

याचं कारण सरळ आहे. आमच्या फाएन्झा शहरात मरियामातेकडे कोणी बघत नाही, ती असतेच. दारावर, जिन्याच्या वळणावर, विहिरीच्या कठड्यावर. भाजलेल्या मातीच्या फरशीवर रंगवलेली, पांढऱ्या झिलईवर निळा झगा, दोन्ही हात पसरलेले आणि दोन्ही मुठींत मोडक्या बाणांच्या जुड्या. प्लेगच्या वर्षी देवानं शहरावर रोखलेले बाण मोडून हातात धरलेली अशी ती एका बाईला दिसली आणि साथ थांबली. तेव्हापासून ती तशीच काढतात. आमच्याकडच्या कम्युनिस्टांच्या दारांवरसुद्धा ती आहे. हे लोक चर्चपाशी फक्त मयतीला जातात, तेही बाहेर उभे राहून सिगारेट ओढतात. पण दारावरची माता काढून टाका म्हटलं तर म्हणतात, ती आमची आहे, पाद्र्यांची नाही.

गाद्दोनीच्या मातेच्या हातातले बाण सरळ होते. टोकं खाली, दारातून आत जाणाऱ्याच्या डोक्याकडे. ते झेलिंदानं काढले होते, आणि चुकून काढले नव्हते.

झेलिंदा ही तुल्लियोची विधवा. तुल्लियो गाद्दोनीच्या कारखान्यात भट्टीवाला होता. लढाईनंतर रिमिनीच्या किनाऱ्यावर हॉटेलं उभी राहू लागली आणि त्या सगळ्यांना बशा हव्या होत्या, त्याही हंगाम सुरू व्हायच्या आत. गाद्दोनी बशा करायचा. भट्टी तापायला जेवढा वेळ लागतो त्याहून जास्त ती निवायला लागतो. दार विटांनी बंद केलेलं असतं. त्यातली वरची एक वीट सरकवून तिथे हात धरून बघायचा. चटका न बसता हात राहिला तर बाकीच्या विटा काढायच्या. एका सकाळी हात राहत नव्हता, तरी तुल्लियोनं विटा काढल्या. गार हवा आत शिरली, कमान तडकली आणि त्याच्या अंगावर आली.

चौकशीत गाद्दोनीनं न्यायाधीशासमोर सांगितलं की त्या सकाळी आपण रिमिनीला होतो, भट्टी उघडायला कोणी सांगितलं नव्हतं, आणि तुल्लियो बहुधा प्यायलेला असावा. दुसऱ्या भट्टीवाल्यांनी मान खाली घालून ‘आठवत नाही’ म्हटलं. प्रकरण मिटलं. तुल्लियोला पोटाचं दुखणं होतं. लग्नातसुद्धा तो पाण्यात वाइनचे चार थेंब टाकून पेला उंचावायचा आणि लोक त्याची चेष्टा करायचे. हे सगळ्यांना माहीत होतं, पण न्यायाधीश बाहेरचा, रावेन्नाचा होता आणि त्याला कोणी सांगितलं नाही.

मग शहराला एक शब्द मिळाला. आमच्याकडे प्रत्येकाचं काही ना काही भट्टीत असतं, त्यामुळे घाई हा आमचा रोजचा विषय. कोणी वेळेआधी ओव्हन उघडला, रस्सा उकळायच्या आत झाकण उचललं, कॉफीचं भांडं विस्तवावरून लवकर काढलं, की शेजारचा म्हणायचा, “तुल्लियो करू नकोस.” म्हणणाऱ्याच्या मनात वाकडं काही नसायचं. झेलिंदा जवळ असली तर सुरुवातीला लोक जीभ चावायचे. दोन-तीन वर्षांत तेही थांबलं. हे कोणा माणसाचं नाव होतं हेच पुष्कळांना आठवेनासं झालं.

झेलिंदाला एकच गोष्ट हवी होती. तो शब्द शहराच्या तोंडातून जायला हवा होता, आणि ज्यानं तो घातला त्यानंच तो बाहेर काढायला हवा होता.

ती मेस्त्री आन्कारानींच्या कार्यशाळेत रंगकाम करायची. मार्चमध्ये गाद्दोनी स्वतः तिथे आला. उंच, देखणा माणूस. टोपी हातात घेऊन, सगळ्यांना नमस्कार करत.

“मेस्त्री, दारावरची माता हवी. मोठी. नदीपलीकडे घर बांधलंय, पुलावरून दिसायला पाहिजे.”

“होईल की. इरिदे काढेल. तिचा हात नाजूक आहे.”

“नाजूक नको.” गाद्दोनीनं कोपऱ्यातल्या टेबलाकडे पाहिलं. “झेलिंदानं काढायची. काय गं झेलिंदा, काढशील ना? मागचं मागे राहू दे. तुझ्या नवऱ्याला मी भावासारखा मानत होतो.”

झेलिंदानं कुंचला पाण्यात बुचकळला, पुसला. “कधीपर्यंत हवी, मालक?”

“सणापर्यंत. घाई नाही. नीट भाजून, नीट निवू दे. उगाच तुल्लियो...” तो थांबला. त्यानं टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “म्हणजे, घाई नाही.”

“सणापर्यंत मिळेल,” ती म्हणाली.

तो गेल्यावर इरिदे खुर्ची ओढून जवळ आली. “अगं, तू हो म्हणालीस? त्याच्या तोंडावर रंगाचं भांडं का नाही ओतलंस?”

“ओतलं असतं तर ते त्यानं धुऊन टाकलं असतं.”

“पण तुझ्याकडूनच का हवीय त्याला?”

“बारमध्ये सांगायला. विधवेनं स्वतः माझ्या घरावर माता काढली, आता कोणाला काय बोलायचंय?”

झालंही तसंच. गाद्दोनी जाईल तिथे, चौकातल्या बारमध्येही, ते सांगत होता, आणि लोक मान हलवत होते. चला, बरं झालं, संपलं एकदाचं.

माता काढायची आमच्याकडे ठरलेली रीत आहे. आन्कारानींच्या आजोबांनी केलेला एक कागद आहे. त्यावरच्या सगळ्या रेघांवर टाचणीनं भोकं पाडलेली आहेत. तो कच्च्या झिलईवर धरायचा, कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून हलकी आपटायची, आणि कागद उचलला की खाली करड्या ठिपक्यांची माता उमटलेली असते. रंगारी ठिपके जोडत जातो. भाजताना कोळसा जळून जातो, रंग राहतो. आजोबांची माता, बापाची माता, नातवाची माता एकच. म्हणूनच तिच्याकडे कोणी बघत नाही.

झेलिंदानं चेहरा ठिपक्यांवरून काढला. झगा, तारे, बोटं, सगळं ठिपक्यांवरून काढलं. बाणांपाशी आल्यावर तिनं ठिपके फुंकून टाकले. मोडका बाण दोन फटकाऱ्यांत निघतो: एक वरचा तुकडा, मग कुंचला उचलायचा, मग कोनात लोंबणारा खालचा तुकडा. झेलिंदानं कुंचला उचलला नाही. कच्ची झिलई पिठासारखी कोरडी असते, कुंचल्यातलं पाणी लागताच पिऊन टाकते. तिच्यावर ओढलेली रेघ पुसता येत नाही. पुसायची तर झिलईच खरवडावी लागते. हे तिला माहीत होतं, आणि प्रत्येक रेघ तिनं सावकाश ओढली.

आन्कारानींनी फरशी भट्टीत ठेवताना कडा पाहिल्या, मागची बाजू पाहिली, झिलई कुठे सुटली आहे का ते पाहिलं. चित्र पाहिलं नाही. चित्र त्यांच्या आजोबांचं होतं.

सण होऊन तीन आठवडे गेले. झेलिंदा रोज सायकलवरून पूल ओलांडून त्या घरासमोरून जायची. लोक दाराखालून जात होते, मुलं भिंतीवर चेंडू मारत होती. तिनं इरिदेलाही काही सांगितलं नव्हतं. आपणहून कोणाला दिसलं तरच त्याला अर्थ होता. आपण दाखवलं तर ती नुसती एका बाईची खोडी झाली असती.

शेवटी ते बिक्सियोला दिसलं. बिक्सियो गवंडी, पार्टीचा जुना माणूस, घशाला कधी विश्रांती नाही. समोरच्या घराचं छप्पर दुरुस्त करायला तो परांचीवर चढला आणि दुपारी पाव-चीज खायला बसला, तर मातेचं तोंड बरोबर त्याच्या तोंडासमोर. खाता खाता तो थांबला. मग परांचीवरून उतरला, रस्ता ओलांडला, खालून पाहिलं, पुन्हा वर चढून पाहिलं. नंतर काम टाकून तो थेट बारमध्ये गेला.

“ऐका रे सगळे! गाद्दोनीच्या मातेनं शस्त्रं टाकलेली नाहीत!”

“उन्हात बसून प्यायलास वाटतं,” बारवाला म्हणाला.

“एक थेंब नाही. जा, बघून ये. सगळे बाण धडधाकट. नवेकोरे! सगळं जग शस्त्रं कमी करा म्हणून बोंबलतंय आणि ही बाई गाद्दोनीच्या डोक्यावर नेम धरून उभी आहे.”

“कोणी काढलीय ती?” कोणीतरी विचारलं.

उत्तर द्यायची गरज नव्हती. गाद्दोनीनं ते दोन महिने स्वतःच सगळ्यांना सांगितलं होतं. मग माणसं एकेक करून उठली आणि पुलाकडे निघाली.

संध्याकाळपर्यंत रस्त्यावर जत्रा जमली. बायका वर बघून छातीवर क्रूस काढत होत्या. कम्युनिस्टांनी क्रूस काढला नाही, पण दाराखालून कोणी गेलं नाही. पुढच्या दिवसांत पाववाला पाव कोपऱ्यावर ठेवून घंटा वाजवायचा आणि निघून जायचा. मोलकरीण मागच्या दारानं येऊ लागली, मग येईनाशी झाली. गाद्दोनीची बायको बहिणीकडे फोर्लीला गेली आणि हवापालटाचं निमित्त सांगून तिथेच राहिली. विचारलं तर प्रत्येक जण म्हणायचा, छे, आपण असलं काही मानत नाही.

खरा फटका कारखान्यात बसला. भट्टी निवत आली तेव्हा गाद्दोनी ऑफिसच्या खिडकीतून ओरडला, “उघडा आता!” भट्टीवाले हलले नाहीत. त्यांतला सगळ्यात म्हातारा म्हणाला, “मालक, तुम्ही खाली या. आमच्याशेजारी उभे राहा. मग उघडू.”

“कशाला?”

“सहज. तुम्ही कुठे होतात ते पुन्हा कोणी विचारलं तर आम्हाला आठवायला हवं.”

त्या दिवसापासून प्रत्येक वेळी भट्टी उघडताना गाद्दोनीला कोट-टाय घालून दारापाशी उभं राहावं लागलं. वीट सरकवून हात त्यालाच धरायला लावायचे. त्याच्या तळहाताची कातडी सोलली.

तो आन्कारानींकडे आला. या वेळी टोपी डोक्यावरच होती.

“मेस्त्री, तुमच्या कार्यशाळेतून माझ्या घरावर शाप आलाय.”

आन्कारानी आदल्या दिवशीच जाऊन पाहून आले होते. त्यांचं तोंड पांढरंफटक होतं. “झेलिंदा,” ते म्हणाले, “माझ्या आजोबांचा कागद आहे तो.”

“हो मेस्त्री. चेहरा त्यांचाच काढलाय.”

“दुसरी काढून दे यांना. आज. आत्ता.”

“नाही काढणार.”

“मग मी काढतो!”

“काढा,” झेलिंदा म्हणाली. “तुमची कार्यशाळा आहे. पण उद्या बारमध्ये विचारतील की गाद्दोनीसाठी बाण कोणी मोडले. तेव्हा तुमचं नाव सांगा.”

आन्कारानींनी हातातला कुंचला पाहिला, खाली ठेवला आणि हात ॲप्रनला पुसले. गाद्दोनीकडे न बघता ते म्हणाले, “ज्यानं काढले त्यानंच मोडायला हवेत. मी यात पडत नाही.”

फाएन्झातल्या दुसऱ्या एकाही रंगाऱ्यानं ते काम घेतलं नाही. कोणाचा हात दुखत होता, कोणाकडे निळ्या रंगाचं कोबाल्ट संपलं होतं. मग गाद्दोनीनं बिक्सियोला गाठलं. फरशी भिंतीतून काढून दे, म्हणाला, छिन्नी-हातोडा घेऊन ये.

“आशीर्वाद झालेली माता? तिच्यावर हातोडा?”

“तू तर देव मानत नाहीस!”

“मी नास्तिक आहे, मालक, बिनडोक नाही. घर पडलं तर ती खाली येते. तोवर नाही.”

शेवटी एका पहाटे गाद्दोनी स्वतः शिडीवर चढला. फर्निचरला लावतात तो तपकिरी तैलरंग आणि एक डबी पांढरा त्यानं आणला होता. प्रत्येक बाणाच्या मध्यावर पांढऱ्याचा ठिपका देऊन त्यानं तो तोडला आणि खाली तिरका तुकडा काढला. दूध आणायला निघालेल्या बायकांनी त्याला पाहिलं. त्या तिथेच उभ्या राहिल्या. तो उतरला तेव्हा त्याच्या कपाळाला रंग होता.

ज्यानं उभं आयुष्य झिलईच्या धंद्यात काढलं त्याला हे कळायला हवं होतं. भाजलेल्या झिलईवर न भाजलेला रंग धरत नाही, काचेवर धरत नाही तसाच. जुलैचं ऊन लागलं आणि त्याचे मोडके तुकडे पापुद्र्यांनी सुटून पायरीवर पडले. खाली सरळ बाण होते तसे होते. बिक्सियोनं एक पापुद्रा खिशात घालून बारमध्ये दाखवायला आणला. “पाहा, गाद्दोनीचा पश्चात्ताप. उन्हाला टिकला नाही.”

त्यानंतर गाद्दोनी झेलिंदाच्या घरी आला. दुपारची वेळ. ती दारात बसून मटार सोलत होती. तिनं त्याला बसायला सांगितलं नाही.

“काय हवंय तुला?” त्यानं विचारलं.

“तुम्हाला माहीत आहे.”

त्यानं गल्लीत दोन्ही बाजूंना पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, “मीच सांगितलं होतं उघडायला. झालं? रिमिनीला दुपारी गेलो. सकाळी मी तिथेच होतो.”

“हे मला माहीत होतं. मला कशाला सांगताय?”

“त्या वर्षी सगळेच लवकर उघडत होते, झेलिंदा! प्रत्येक कारखान्यात. नशीब खोटं. आणि तो नाही म्हणू शकला असता.”

मटाराची शेंग तिच्या बोटांत तशीच राहिली. “तो नाही म्हणाला होता. हात राहत नाही म्हणाला. तुम्ही म्हणालात, मग रुमाल गुंडाळ आणि विटा काढ, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस. तुमच्या त्या म्हाताऱ्या भट्टीवाल्यानं मला तिसऱ्या दिवशी सांगितलं, माझ्या स्वयंपाकघरात, रडत. न्यायाधीशासमोर मात्र त्याला आठवलं नाही.”

“मला काय करायला सांगतेस?”

“शनिवारी बाजार असतो,” ती म्हणाली आणि शेंग मोडली.

शनिवारी, बाजार भरात असताना, गाद्दोनी चौकात घड्याळाच्या मनोऱ्याखाली आला. भाजीवाले, कुंभार, भट्टीवाले, बायका, सगळे होते. झेलिंदा कलिंगडांच्या गाडीपाशी उभी होती. कारंज्याच्या पायरीवर चढून तो काहीतरी बोलला. पुढच्यांनाही ऐकू गेलं नाही.

“मोठ्यानं, मालक!” बिक्सियो ओरडला. “कलिंगडवाल्याला ऐकू आलं नाही!”

“तुल्लियोला भट्टी उघडायला मी सांगितलं होतं.”

कलिंगडवाल्यानं हातातली सुरी खाली ठेवली.

“आणि वाइन?” कोणीतरी विचारलं.

“त्यानं घेतली नव्हती. तो कधीच घेत नव्हता. ते मी खोटं बोललो.”

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी शिव्या दिल्या नाहीत. लोक वाट बघत होते, पण तो पुढे काही बोलला नाही. पायरीवरून उतरताना त्याचा पाय घसरला आणि कोणीही हात दिला नाही. झेलिंदानं कलिंगड निवडलं, पिशवीत घातलं आणि ती घरी गेली.

सोमवारी तो कार्यशाळेत आला. “मी बोललो. सगळ्यांसमोर बोललो. आता बाण मोड.”

आन्कारानी मधे पडले. “बोलला तो, झेलिंदा. ऐकलं सगळ्यांनी.”

झेलिंदा काही म्हणणार तोच आतल्या स्वयंपाकघरातून आन्कारानींच्या बायकोचा आवाज आला. मोलकरणीला ती सांगत होती, “अगं, उचलू नकोस अजून ते झाकण, काय तुल्लियो करतेस!”

कार्यशाळेत सगळ्यांचे हात थांबले. आन्कारानींनी डोळे मिटून घेतले.

“तो शब्द गेला की मोडीन,” झेलिंदा म्हणाली.

“शहराचं तोंड माझ्या हातात आहे का?” गाद्दोनी ओरडला.

“त्या वेळी होतं.”

आणि मग जे सुरू झालं ते आमच्या शहरानं कधी पाहिलं नव्हतं. एर्मेते गाद्दोनी, ज्याच्या बशांत अर्धा किनारा जेवतो, तो लोकांचे शब्द दुरुस्त करत हिंडू लागला. बारमध्ये कोणी ‘तुल्लियो करू नकोस’ म्हटलं की उठून जवळ जायचा. “तसं म्हणू नका. त्यानं घाई केली नव्हती. मी सांगितलं होतं.” बेकरीत, न्हाव्याकडे, चर्चच्या पायऱ्यांवर. सुरुवातीला लोक ओशाळले, माफी मागून गप्प बसले. थोडे दिवस असं वाटलं की शब्द खरंच जाणार.

पण फाएन्झाच्या लोकांना ओळखायला हवं. एखाद्याला कुठे टोचलं की तो ओरडतो हे कळलं, की ते तिथे पुन्हा टोचून बघतात. गाद्दोनी येताना दिसला की बिक्सियो उगाचच कॉफीच्या पेल्यावर फुंकर मारून म्हणायचा, “गरम आहे रे, तुल्लियो करू नकोस!” आणि गाद्दोनी दारातून सगळी माणसं बाजूला सारत यायचा. भाजीवाले न पिकलेल्या टोमॅटोला तुल्लियो म्हणू लागले. मागे पडत चाललेला शब्द सगळ्या शहराच्या ओठांवर आला. सप्टेंबरपर्यंत शाळकरी पोरं त्याच्यामागे ओरडत होती. तो वळून उत्तर द्यायचा, प्रत्येक वेळी तेच. त्याचे केस पांढरे झाले, हातात काठी आली. कारखाना पुतण्या बघू लागला.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला आन्कारानींनी झेलिंदाच्या टेबलावर एक कोरी फरशी आणून ठेवली. पांढरी झिलई चढवलेली, त्यावर आजोबांच्या कागदाचे करडे ठिपके आधीच उमटवलेले. बाणांचेसुद्धा, मोडलेल्या बाणांचे.

“बस इथे,” ते म्हणाले. “मी तुझ्यावर रागावलेलो नाही. पण ऐक माझं. तू हे शब्दासाठी केलंस ना? तो शब्द आता गाद्दोनीमुळे जगतोय. तो चिडतो म्हणून लोक म्हणतात. त्याच्या दारावर मोडके बाण लाव, तो घरी बसेल. तो घरी बसला की पोरांना मजा उरणार नाही. वर्षभरात शब्द मरेल. तुल्लियोला शांती मिळेल. तुलाही.”

इरिदे म्हणाली, “मेस्त्री बरोबर बोलतात गं.”

झेलिंदानं कुंचला घेतला, पाण्यात बुचकळला आणि रंगाच्या कडेला टेकवून टोक काढलं. बराच वेळ ती ठिपक्यांकडे बघत होती. ते बरोबर बोलत होते, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. कुंचला मातेच्या उजव्या मुठीपाशी गेला.

तेवढ्यात गल्लीत पोरांचा गलका झाला. “ओ मालक! पाव कच्चा आहे, तुल्लियो झाला!” आणि हसणं. मग काठीचा आवाज थांबला, आणि गाद्दोनीचा घोगरा, थकलेला आवाज आला. समोरच्या भिंतीवर आपटून तो गल्लीभर ऐकू येत होता.

“त्यानं घाई केली नव्हती, बाळांनो. तो प्यायलेला नव्हता. मी सांगितलं होतं उघडायला. मी, गाद्दोनीनं.”

पोरं पुन्हा ओरडली. त्यानं पुन्हा तेच सांगितलं, शब्दाला शब्द.

झेलिंदानं कुंचला उचलला आणि कोरडा पुसून ठेवला.

“मेस्त्री,” ती म्हणाली, “तो घरी बसला, तर मग हे कोण म्हणेल?”

ती उठली, खिडकीपाशी गेली आणि एकच झडप उघडी होती, तिनं दुसरीही भिंतीपर्यंत ढकलली, म्हणजे आवाज नीट आत येईल.